दुपारी पाणी घातल्याने पानं जळतात का? एक खुलासा

चैत्र लागला की आमच्या जळगावकडे एक मेसेज फिरू लागतो : ‘दुपारी झाडांवर पाणी शिंपडू नका, थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात.’ हे बरोबर नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी हे उन्हात तपासून २०१० मध्ये मांडलं : गुळगुळीत पानावर बसलेला थेंब चपटा असतो, त्याने एकवटलेलं ऊन पानाच्या खाली जाऊन पडतं. शिवाय उन्हात थेंब लवकर वाळूनही जातो. पाणी न धरणारी लव असलेल्या पानावर मात्र थेंब वर उचलला गेला तर डाग पडू शकतो.

मग आपल्याकडे पानं करपतात कशाने? माझ्या गच्चीवर कारण नळीत सापडलं. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देत होतं, आणि तेच मी मिरचीच्या रोपाला घालत होते. आता आधी बादलीत सोडते, गार पाणी आलं की मगच झाडाला. पारा ४४-४५ वर असताना कुंडीची मातीही तापते, मुळांना ते सोसत नाही. कडा तपकिरी होत असतील तर बोअरच्या खारट पाण्याचाही संशय घ्या.

दुपारी भरिताच्या वांग्याने माना टाकल्या म्हणून लगेच पाणी ओतू नका. बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघा. ओल लागली तर थांबा, दिवेलागणीपर्यंत पानं बहुधा आपोआप ताठ होतात. माती कोरडी असेल तर मात्र भर दुपारीही पाणी द्या, बुडाशी. त्या मेसेजपायी रोप संध्याकाळपर्यंत तहानलेलं ठेवू नका.