‘बाजार उठला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

गायिका-अभिनेत्री सुरैय्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ती मुळात नटी. तालीम नाही, गाणं सोयीपुरतं. लताबाई आल्या आणि हिचा बाजार उठला.’ वर ‘अभ्यास करून लिहा’ हा सल्ला.

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. ‘मिर्झा ग़ालिब’चं राष्ट्रपती सुवर्णपदक चित्रपटाला मिळालं, तिला नव्हे. लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण ‘बाजार उठला’? हयात नसलेल्या गायिकेबद्दल बोलायची ही कुठली रीत? मतभेद खुशाल असावेत, भाषेला काही मर्यादा हवी. तीस वर्षं 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या ऐकतोय, अभ्यासाचे धडे निदान या विषयात मला नकोत.

लताबाईंचे ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज़’ सगळे 1949चे. सुरैय्याचे ‘दिल्लगी’ आणि ‘बडी बहन’ही त्याच वर्षीचे. ‘बडी बहन’मध्ये तर दोघींची गाणी आहेत, लताबाई गीता बालीसाठी गातात, सुरैय्या स्वतःसाठी. सुरैय्याचा ‘मिर्झा ग़ालिब’ आला त्यानंतर पाच वर्षांनी. मग बाजार उठला कधी?

आता तालीम. ‘मिर्झा ग़ालिब’मधली तिची ‘नुक्ताचीं है ग़म-ए-दिल’ ही ग़ज़ल लावा आणि नीट ऐका. ‘ग़म-ए-दिल’ (हृदयाचं दुःख) सलग म्हणावं लागतं. ‘ग़म’पाशी श्वास तुटला की मागे ‘ए दिल’ उरतं, म्हणजे ‘अरे हृदया’, आणि ओळीचा अर्थच जातो. उर्दू कानावर नसलेले गाणारे इथेच घसरतात, सुरैय्या घसरत नाही. पुढे ‘सुनाए न बने’, ‘बनाए न बने’. काफ़िया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागून तसेच परत येणारे शब्द, जिथे टेकतात तिथे तानेचा सोस केला तर शेर विस्कटतो. ती सोस करत नाही. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास जागा. त्याच चित्रपटातल्या ‘ये न थी हमारी क़िस्मत’ या ग़ज़लेचे 11 शेर त्यात मावत नाहीत, मोजकेच घ्यायचे आणि प्रत्येक शब्द पोचवायचा. याला तालीम नाही तर काय म्हणायचं?

तिच्या आणि देव आनंदच्या नात्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देणार नाही. गाण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि ‘सोयीपुरतं’ म्हणताना 1942चा ‘शारदा’ विसरलात. पडद्यावर मेहताब, आवाज 12-13 वर्षांच्या सुरैय्याचा, संगीत नौशादांचं. दुसरीसाठी गाणारी मुलगी कुणाची सोय बघत होती? 1963मध्ये ‘रुस्तम सोहराब’साठी संगीतकार सज्जाद हुसैन यांनी ‘ये कैसी अजब दास्ताँ हो गई है’ तिच्याकडूनच गाऊन घेतलं. सुराच्या बाबतीत सज्जाद किती कडक होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.