स्टेला थॉमसला न्यायासन कुणी ‘बहाल’ केलं नव्हतं

परवा भाचीने तिच्या भाषणाचा कागद वाचायला दिला. ती लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात महिला दिनाला बोलायचंय. एक ओळ तिने हिरव्या पेनाने दोनदा अधोरेखित केली होती : ‘ज्या आफ्रिकेत कायदा नावाची गोष्टच नव्हती, तिथे इंग्रजांनी न्याय आणला आणि एका गरीब मुलीला न्यायमूर्ती केलं.’ हे कुठून घेतलंस विचारलं, तर म्हणाली, “मावशी, सगळ्या ग्रुपवर फिरतंय.” खरंच फिरतंय. आमच्या वकिलांच्या ग्रुपवरही आलं आणि त्यावर वकिलांनीच हात जोडलेत, याचा मला जास्त राग आला.

मेसेज थोडक्यात असा : नायजेरियातल्या गरीब घरच्या स्टेला थॉमसला इंग्रज सरकारने लंडनला शिकवलं, परत येताच न्यायमूर्ती केलं, ती जगातली पहिली महिला न्यायाधीश ठरली आणि जन्मभर इंग्रजांचे उपकार मानत राहिली. शेवटी ती अधोरेखित ओळ.

‘जगातली पहिली’ हे आधी निकालात काढते. एमिली मर्फी १९१६ साली कॅनडात एडमंटनला मॅजिस्ट्रेट झाल्या. आपल्याकडे ॲना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात मुन्सफ होत्या. स्टेलाची नेमणूक १९४३ ची. ती पश्चिम आफ्रिकेतली पहिली महिला मॅजिस्ट्रेट, आणि हा मान मोठाच आहे. पण मॅजिस्ट्रेट म्हणजे न्यायमूर्ती नव्हे, हे वकिलांना तरी कळायला हवं होतं. नायजेरियात हायकोर्टावर पहिली स्त्री, मोदुपे ओमो-एबो, आली ती १९६९ मध्ये, म्हणजे इंग्रज गेल्यावर नऊ वर्षांनी.

गरीब घर? वडील पीटर थॉमस मूळचे सिएरा लिओनचे, नायजेरियातल्या लेगॉस शहरातले बडे व्यापारी, तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सचं अध्यक्षपद मिळालेले पहिले आफ्रिकी. ‘परत येताच’ हेही खोटं. १९३३ मध्ये ती मिडल टेंपल या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाली, १९३५ मध्ये लेगॉसला वकिली सुरू केली आणि मॅजिस्ट्रेट झाली त्यानंतर आठ वर्षांनी. शिवाय बॅरिस्टरीची दारं इंग्लंडने स्वतःच्या मुलींनाही १९१९ च्या कायद्यानंतरच उघडली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली होती. बॅरिस्टर व्हायला १९२३ उजाडलं. मग कसले उपकार?

आता ती हिरवी ओळ. सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

इंग्रजांनी लेगॉस ताब्यात घेतलं १८६१ मध्ये. त्याआधी त्या भागातल्या योरुबा लोकांच्या नगरांत ओबा म्हणजे राजा आणि त्याच्या सरदारांची सभा खटले ऐकायची, निवाडे द्यायची. अनेक नगरांत इयालोदे हे स्त्री-सरदाराचं पद होतं. बायकांची बाजू सभेत मांडणं हे तिचं काम. उत्तरेत १८०४ पासून उभ्या राहिलेल्या सोकोतो राज्यात अल्कालींची, म्हणजे काझींची, न्यायालयं होती. लुगार्ड या इंग्रज प्रशासक साहेबाने उत्तर जिंकल्यावर हीच न्यायालयं चालू ठेवली, कारण त्यांच्याशिवाय त्याचा कारभार चाललाच नसता. कायदा नव्हताच, तर त्याने चालू काय ठेवलं?

आणि इंग्रजांनी स्वतः काय आणलं? १९१४ मध्ये प्रांतिक न्यायालयं काढली. तिथे न्यायाधीश म्हणून बसायचा तो प्रशासनातला अधिकारीच, आणि वकिलाला उभं राहायला बंदी. ही बंदी १९३३ च्या सुधारणेपर्यंत टिकली. भाचीला म्हटलं, तू आयुष्यभर जे काम करणार आहेस, तेच तिथे मना होतं.

आग्नेयेकडे इग्बो लोकांच्या मुलखात बहुतेक ठिकाणी राजेच नव्हते. तिथे इंग्रजांनी माणसं निवडली, हातात सनद दिली आणि ‘वॉरंट चीफ’ म्हणून न्यायालयात बसवलं. गावसभांत बायकांचा जो आवाज होता, त्याला या न्यायालयांत जागाच उरली नाही. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावात, आता बायकांवरही कर बसणार अशी धास्ती पसरली आणि हजारो बायका उठल्या. त्यांनी कुठे हल्ला केला? वॉरंट चीफांच्या घरांवर आणि या ‘नेटिव्ह कोर्टां’वर. कित्येक कोर्टं त्यांनी मोडली, जाळली. सरकारने गोळ्या घातल्या, पन्नासहून अधिक बायका मेल्या. हे कुणा राष्ट्रवाद्याचं भाषण नाही. १९३० मध्ये इंग्रज सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगासमोर बायकांनी उभं राहून लाचखोर चीफांबद्दल आणि त्यांच्या कोर्टांबद्दल साक्षी दिल्या, त्या नोंदवून छापल्या गेल्या. ज्यांना ‘न्याय मिळाला’ म्हणता, त्यांचंच हे म्हणणं आहे.

एक मान्य करते, जिवावर येतं तरी. जुनी व्यवस्था काही निर्मळ नव्हती. सोकोतोत गुलामी होती, इबादान या योरुबा नगराच्या इयालोदे एफुनसेतान अनिवुरा यांच्याकडेही असंख्य गुलाम होते. आणि स्टेला शिकली ती इंग्रजी कायदाच, नेमणूकही वसाहतीच्या सरकारनेच केली. एवढं खरं आहे. पण एवढ्यावरून ती ओळ खरी होत नाही.

राहिलं उपकारांचं. १९३१ मध्ये लंडनला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लीग ऑफ कलर्ड पीपल्स निघाली, तिच्या संस्थापक सदस्यांत स्टेला होती. १९३४ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये वसाहतींच्या कारभाराच्या इंग्रज अभ्यासक मार्जरी पेरॅम यांचं व्याख्यान झालं, विषय लुगार्डचीच ‘अप्रत्यक्ष राज्यकारभारा’ची, म्हणजे स्थानिक सरदारांकरवी राज्य चालवण्याची, पद्धत. चर्चेच्या वेळी ही तरुण बॅरिस्टर उभी राहिली आणि त्या सभेत तिने त्या पद्धतीवर टीका केली.

भाचीने ती ओळ खोडली आहे. भाषण या सभेपासूनच सुरू करणार म्हणते, आणि खोडलेल्या जागी १९२९ च्या बायका घेणार आहे. वेळ पाच मिनिटंच आहे, त्यामुळे एमिली मर्फी बहुधा गळतील.