ड्यूररचे ‘चार घोडेस्वार’ तांब्यावरचे नाहीत

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या ‘चार घोडेस्वार’ या चित्रासोबत एक मजकूर सतत फिरत असतो. त्यात म्हटलेलं असतं की हे तांब्याच्या पत्र्यावर ड्यूररने स्वतः कोरलं, त्यात मृत्यू सांगाड्याच्या रूपात कोयता घेऊन येतो आणि मूळ प्रत जगात एकच आहे. चित्र इतकं थोर असताना त्याची अशी माहिती पसरावी, याचं वाईट वाटतं.

आधी तांब्याचं बघू. हा 1498 सालचा, न्यूरेंबर्गमधला लाकडी ठसा आहे, साधारण 39 बाय 28 सेंटिमीटरचा. दोन्ही रीती एकमेकींच्या अगदी उलट. तांब्यात ब्यूरिन या टोकदार हत्याराने रेघ खोदतात, खाचेत शाई भरून पत्रा पुसतात आणि ओलसर कागद रुळांखाली दाबून ती शाई उचलतात. लाकडात रेघ राखायची आणि आजूबाजूचं काढून टाकायचं, म्हणजे शाई फक्त उंच राहिलेल्या रेघेला लागते. रेघेच्या दोन्ही कडांना सुरीने तिरपा काप देतात, म्हणजे तिचं बूड रुंद राहतं. काप आतल्या बाजूला गेला तर बारीक रेघ दाबाखाली तुटते. मधली जागा पटाशीने मोकळी करतात. ती उथळ राहिली की तिथेही शाई लागते आणि पांढऱ्यावर डाग उमटतो. रेघांची जाळी हवी असेल तर प्रत्येक चौकटीतलं लाकूड वेगळं उकरावं लागतं. घोडेस्वारांमागचं आकाश बघा: ते समांतर आडव्या रेघांनीच करडं केलंय. शिवाय तांब्याच्या पत्र्याची कड कागदात दबून खूण ठेवते. इथे ती नसते.

‘स्वतः कोरलं’ हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. रेखाटन ड्यूररचं, खाली त्याची आद्याक्षरंही आहेत. पण ठसे कापणं हा तेव्हा वेगळ्या कारागिरांचा धंदा होता आणि हा ठसा कोणी कापला यावर जाणकारांत एकमत नाही.

मृत्यूबद्दलचं विधान तर नुसतं चित्र नीट पाहिलं तरी टिकत नाही. डावीकडे खाली, मरतुकड्या घोड्यावर हाडं निघालेला, दाढीवाला म्हातारा बसलाय. हातात कोयता नाही, तीन दात्यांचं शस्त्र आहे. त्याच्याखाली अधोलोकाचा जबडा एका मानकऱ्याला गिळतोय. चित्राचा विषय बायबलमधला: त्यातल्या शेवटच्या, ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घोडे पांढरा, तांबडा, काळा आणि फिकट आहेत, काळ्या शाईत रंग नाहीत, म्हणून धनुष्य, तलवार आणि तराजू यांवरून बाकीचे तीन स्वार ओळखायचे.

‘एकच मूळ प्रत’ ही कल्पनाच छापील चित्राला लागू पडत नाही. हे ड्यूररच्या ‘प्रकटीकरणा’वरच्या 15 चित्रांच्या पुस्तकातलं एक पान. 1498 मध्ये जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्या निघाल्या, 1511 मध्ये पुन्हा लॅटिन. त्या ठशावरून निघालेली प्रत्येक प्रत मूळच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, ब्रिटिश म्युझियममध्येही आहे.

प्रत तपासताना पाठ उलटून बघावी. मागे पुस्तकाचा जर्मन मजकूर असेल तर ती 1498 ची. लॅटिन असेल तर अक्षरजुळणी दोन्ही आवृत्त्यांशी ताडून बघावी लागते. पाठ कोरी असेल तर ती मजकुराआधीची चाचणी-प्रत असू शकते किंवा 1511 नंतरची छपाई. अशा वेळी झीज बघायची: चौकटीची रेघ जागोजागी तुटलीय का, बारीक रेघा जाड झाल्यात का. आणि भिंगाखाली रेघेऐवजी ठिपके दिसले, तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर आहे.