बेचाळीस आधार, एक निराधार

सकाळी सहाला बंदरावर मासे आणायला जाताना माणसाने पँट घालावी, एवढंच मला सांगायचं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल.

लुंगीला खिसा नसतो. पाचशेची नोट कनवटीला खोचता येते, पाकीट खोचता येत नाही. आणि माझं जे काही सरकारी अस्तित्व आहे, म्हणजे आधार, पॅन, लायसन, ते सगळं त्या पाकिटात असतं. पाकीट कपाटात आणि कपाटाची किल्ली बायकोकडे.

मालवण तालुक्यात आम्ही दोन खोल्यांचं न्याहारी-निवास चालवतो. आम्ही म्हणजे बायको चालवते, मी मासे आणतो. त्या शनिवारी पुण्याहून एक वकीलसाहेब उतरले होते. त्यांनी रात्रीच बजावलं होतं, ‘‘उद्या बांगडा ताजा हवा हं.’’ बांगडा ताजा आहे की नाही हे हे लोक हुंगून बघतात, आणि मग ‘वास येतोय’ म्हणतात. असो.

बारा बांगडे घेऊन परत येताना स्कूटरने दोन आचके दिले आणि प्राण सोडला. पेट्रोल संपलं. आमच्या गावात पेट्रोल बाटलीत मिळतं, आणि ते दुकान आठला उघडतं. तेव्हा गाडी ढकलत तिठ्यावर आलो, तर समोर लोखंडी बॅरिकेड. ‘सागर कवच’ सुरू होतं.

किनाऱ्यावर न राहणाऱ्यांसाठी सांगतो. १९९३ साली रायगडातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. २००८ला दहा जण समुद्रातून मुंबईत शिरले. त्यानंतर आमच्याकडे अधूनमधून ही रंगीत तालीम होते. पोलीस, तटरक्षक दल, नौदल, कस्टम, सगळे कामाला लागतात. त्यातलीच काही माणसं खोटे अतिरेकी बनून आत शिरायला बघतात, बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. कोणी मच्छीमार बनून येतो, कोणी पर्यटक. पकडला तर शाबासकी, सुटला तर साहेबांच्या शिव्या. त्यामुळे त्या दोन दिवसांत प्रत्येक नाक्यावरचा पोलीस मनातून देवाला विनवत असतो, की एक तरी माझ्या वाट्याला येऊ दे.

हा हवालदार घाटावरचा, पंचविशीतला, रात्रभर जागलेला. भल्या सकाळी लुंगीवाला इसम, बंद पडलेली गाडी, हातात ठिबकणारी पिशवी. हे बघून त्याच्या डोळ्यांत चमक आली. लग्नाच्या मुलीच्या बापाला सरकारी नोकरीतला मुलगा दिसला की येते, तशी.

‘‘काका, ओळखपत्र दाखवा.’’

‘‘घरी आहे.’’

‘‘घर कुठं?’’

‘‘हे काय, वळणावर. त्या फणसाच्या मागे.’’

‘‘फणस राहू द्या. ओळखपत्र दाखवा.’’ मग त्यालाच दया आली. ‘‘मोबाईलमध्ये तरी असंल की. फोटो दाखवा.’’

मी उत्साहाने गॅलरी उघडली, आणि तिथेच माझं वाटोळं झालं. आम्हाला पोलिसांनीच एका बैठकीत सांगून ठेवलंय, पाहुण्याचं ओळखपत्र घेतल्याशिवाय खोली द्यायची नाही. झेरॉक्सवाला नऊ किलोमीटरवर, म्हणून मी आपला मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवतो. पहिलं कार्ड निघालं नाशिकच्या एका बाईंचं. पुढे सरकवलं, सांगलीचे एक आजोबा. पुढे डोंबिवलीचं जोडपं, त्यांचा रडका मुलगा, मग इचलकरंजीचे चार मित्र. हवालदार मान लांब करून मोजायला लागला. बेचाळीस.

‘‘ही समदी कोण म्हणायची?’’

‘‘पाहुणे.’’

‘‘आणि ह्यात तुमी कुठलं?’’

‘‘मी नाही त्यात.’’

आता जरा त्याच्या बाजूने विचार करा. समुद्राकडून आलेला माणूस, स्वतःची ओळख शून्य, आणि जवळ बेचाळीस लोकांची आधार कार्डं. त्याचा हात वॉकीटॉकीकडे गेला. मी त्याला अजूनही दोष देत नाही. मीसुद्धा मला पकडलं असतं.

मी घरी फोन लावला. आमच्याकडे रेंज विहिरीच्या कठड्यावर येते. बायको पाणी काढायला आली असावी, म्हणून लागला.

‘‘माका पोलिसांनी धरलाय. माझ्या आधारचो फोटो धाड.’’

‘‘बांगडे गावले?’’

एवढं बोलून फोन कटला. दोन मिनिटांनी फोटो आला. हवालदार आणि मी, दोघांनीही डोकी जवळ आणून बघितला. तो वकीलसाहेबांचा होता. त्यांनी आदल्या रात्री मोठ्या तोऱ्यात मास्क केलेलं आधार दिलं होतं, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

‘‘ह्याचा तर नंबरबी झाकलाय,’’ हवालदार हळूच म्हणाला. आता तो मला ‘काका’ म्हणेनासा झाला होता.

एवढ्यात डोक्यावर टोपली घेऊन आमची मासेवाली काकी आली. थांबली. माझ्याकडे बघितलं, बॅरिकेडकडे बघितलं, टोपली उतरवली.

‘‘ह्येका कित्याक अडवलंस रे झिला?’’

‘‘आजी, ओळखपत्र नाय त्यांच्याकडं.’’

‘‘ओळख माका आसा मगे! हो आमच्या मास्तरांचो झील. दहावीक गणितात नापास झाललो. मुंबैक गेलो, थंय काय जमूक नाय, परत इलो. गेल्या आयतवारचे ऐंशी रुपये अजून दिल्यान नाय. आणि हो कसलो अतिरेकी? ह्येचो आजो होडयेत बसलो काय ओकायचो!’’

तीन पिढ्यांची कागदपत्रं भर रस्त्यात तपासून झाली. हवालदार हसायला लागला, वॉकीटॉकी कमरेला गेला. उरलेल्या पैशांतून मी ऐंशी रुपये तिथेच मोजून दिले. आधार कार्ड अद्ययावत करायलासुद्धा शुल्क पडतंच.

गाडी ढकलता ढकलता वाटलं, पोलिसाने नाव विचारलं की आपल्याला लगेच घटना आठवते, हक्क आठवतात, ओळखीचा आमदार आठवतो. आणि एसटीत शेजारी बसलेली म्हातारी ‘‘खंयचो रे तू? कोणाचो?’’ म्हणाली की आपण गाव, वाडी, आडनाव, आईचं माहेर, पगार आणि मूल का नाही इथपर्यंत सगळं कणकवली यायच्या आत सांगून मोकळे. तिला वॉरंट विचारायची छाती अजून कोणाला झालेली नाही.

न्याहारीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. वकीलसाहेबांना झाला प्रकार सांगितला. त्यांचा चेहरा उजळला. सुट्टीत वकिलाला फुकट केस मिळाली की तो बांगडासुद्धा विसरतो.

‘‘हे बघा, रस्त्याने चालणाऱ्या माणसाने ओळखपत्र जवळ बाळगलंच पाहिजे, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पोलिसासमोर एखादा अदखलपात्र गुन्हा केलात, आणि नाव-पत्ता सांगायला नकार दिलात किंवा खोटा सांगितलात, तर खरा कळेपर्यंत अटक करता येते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४२ होतं, १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९. पण तिथेही नाव आणि राहण्याचं ठिकाण म्हटलंय, कार्ड नाही. शहाणपणाचं म्हणाल तर नाव सांगावं आणि वाद घालू नये.’’

‘‘म्हणजे मी बरोबर होतो?’’

‘‘थांबा. गाडी होती ना? मोटार वाहन कायदा, कलम १३०. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन दाखवायचं. डिजिलॉकरमधलं चालतं.’’

‘‘पण मी चालवत नव्हतो. ढकलत होतो.’’

साहेबांचा आंबोळीचा घास अधांतरी राहिला. ‘‘ढकलत... हा मुद्दा आहे. इंजिन?’’

‘‘बंद.’’

‘‘किल्ली?’’

‘‘लावलेली.’’

‘‘एकदाही गाडीवर बसला नाहीत?’’

‘‘देवळाच्या उताराला बसलो. थोडासा.’’

‘‘मग संपलात,’’ ते म्हणाले आणि घास तोंडात घातला. ‘‘त्या उतारापुरते तुम्ही चालक.’’

मी म्हटलं, मग तुम्ही काल नंबर का झाकलात? तर म्हणाले, आधार प्राधिकरणाकडून २७ मे २०२२ला सूचना निघाली होती, की परवाना नसलेल्या हॉटेलांना वगैरे अशा प्रती गोळा करता येणार नाहीत, मास्क केलेलं आधार द्या. मी घाबरून विचारलं, मग पुढे काय झालं? ‘‘दोन दिवसांनी मागे घेतली.’’ नशीब माझं, त्या दोन दिवसांत आमच्या खोल्या रंगवायला काढलेल्या होत्या.

संध्याकाळी बायको अंगणात तांदूळ निवडत होती, तेवढ्यात फाटकाशी कोणी तरी आलं. हाफ पँट, चप्पल, भांग पाडलेला. मी ओळखलंच नाही. तो सकाळचा हवालदार. ड्युटी संपली होती.

‘‘वहिनी, दिवाळीत मेव्हण्याची फॅमिली येणार हाय. पाच जण. खोली मिळंल का?’’

‘‘मिळात. पाचांयचे आधार धाडा. आणि खोली तुमच्या नावावर, तर तुमचाय.’’

‘‘अहो वहिनी, मी पोलीस हाय.’’

तिने सूप खाली ठेवलं. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘‘मगे ओळखपत्र दाखवा.’’

त्याने पुढचे खिसे चाचपले, मग मागचे.