‘विषाणू मारत नाही, जनुके मारतात’ : एका फॉरवर्डचा समाचार

माझे मामा ६८ वर्षांचे आहेत, १२ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे, आणि गेल्या महिन्यात सर्दी-तापाच्या दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी कोणत्याही डॉक्टरांना न विचारता डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. पट्टी कापून हातात ठेवली. पाचव्या दिवशी उपाशीपोटीची साखर ३१२ आली, तेव्हा घाबरून मामींनी मला फोन केला. मामांचे उत्तर तयार होते : “अरे, मी मनाने नाही घेतल्या. ऑक्सफर्डचं संशोधन आहे, ग्रुपवर आलंय.”

तो संदेश मी तीनदा वाचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कोविड असो वा फ्लू, विषाणू मुळात निरुपद्रवी असतो, माणूस दगावतो तो स्वतःच्या दाहकारक जनुकांनी उठवलेल्या ‘सायटोकाइन वादळा’मुळे (सायटोकाइन म्हणजे दाहाचे निरोप पोहोचवणारी प्रथिने), म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइड घेऊन ही जनुके बंद करावीत, कारण ऑक्सफर्डने ते सिद्ध केले आहे, ज्यांना गोळी नको त्यांनी हळदीचा काढा घ्यावा, त्यानेही तेच होते, आपली जनुके शांत आहेत की भडकलेली, हे रक्ताच्या एका तपासणीत कळते, आणि तसेही भारतीयांची जनुके सौम्य असल्याने फार काळजीचे कारण नाही. मी डॉक्टर नाही; पण रुग्णांच्या रक्तात कोणते जनुक किती ‘बोलते’ आहे, हे त्या जनुकाच्या निघालेल्या प्रती, म्हणजे आरएनए, मोजून पाहणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे हा संदेश माझ्या पोटापाण्याच्या विषयावर आहे आणि माझ्याच घरात शिरला आहे.

सर्वांत घातक मुद्दा स्टेरॉइडचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. ज्या संशोधनाची दुहाई दिली आहे, ती ऑक्सफर्ड विद्यापीठाने ब्रिटनच्या रुग्णालयांत चालवलेली ‘रिकव्हरी’ ही चाचणी. तिचा डेक्सामेथासोनचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असा डोस २,१०४ रुग्णांना दिला आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ४,३२१ रुग्णांशी त्यांची तुलना केली. २८ दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, आणि केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्ये २६.२ वरून २३.३ वर. येथपर्यंत संदेश खरा आहे, आणि हे यश लहान नाही.

पण निष्कर्षाच्या त्याच तक्त्यात तिसरी ओळ आहे, आणि ती संदेश लिहिणाऱ्याने एकतर वाचली नाही किंवा वाचून गिळली. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता अशा रुग्णांपैकी स्टेरॉइड मिळालेल्या ५०१ जणांत ८९ दगावले, म्हणजे १७.८ टक्के, न मिळालेल्या १,०३४ जणांत १४५, म्हणजे १४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगाचाही असू शकतो, तेव्हा स्टेरॉइडमुळे ही माणसे मेली असे मी म्हणणार नाही. परंतु फायद्याचा मागमूसही तेथे नाही आणि कल उलट्या दिशेचा आहे. शिवाय हे रुग्णालयात दाखल होण्याइतके आजारी लोक होते. घरी चहा पीत वर्तमानपत्र वाचणारे, ऑक्सिजन ९७ असलेले माझे मामा त्यांच्यातही बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२० मध्येच गंभीर रुग्णांना स्टेरॉइड द्यावे आणि सौम्य आजारात देऊ नये, असे सुचवले होते. ज्या ऑक्सफर्डचे नाव घेऊन मामांनी गोळी घेतली, त्याच ऑक्सफर्डचे आकडे मामांना गोळी घेऊ नका म्हणत होते.

असे का होते, हे समजून घ्यायला जनुकांकडेच जावे लागते. श्वसनमार्गातल्या पेशीत विषाणू शिरला की त्याचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, आरआयजी-आय आणि एमडीए-५ या पहारेकरी प्रथिनांच्या हाती लागतो, आणि तेथून दोन हाका उठतात. एक हाक इंटरफेरॉन या प्रथिनाची : ती शेजारच्या पेशींना सावध करते, आणि ती ऐकून आयएफआयटी-१, एमएक्स-१, आयएसजी-१५ यांसारखी शेकडो जनुके जागी होऊन विषाणूच्या प्रती निघण्यात अडथळे आणतात. दुसरी हाक दाहाची : एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाच्या हुकमाने आयएल-६, टीएनएफ, सीएक्ससीएल-८ ही जनुके बोलू लागतात, ताप चढतो, पांढऱ्या पेशी फुप्फुसाकडे धावतात. संदेशलेखकाला ही दुसरी हाक तेवढी ठाऊक आहे. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील गटाने ‘सेल’ या नियतकालिकात दाखवले की कोविडमध्ये बिघाड असतो तो या दोन हाकांच्या तोलात : इंटरफेरॉनची हाक क्षीण आणि दाहाची मोठी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मरणाच्या दारी पोहोचलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. लक्षणे नसलेल्या वा सौम्य आजाराच्या ६६३ जणांत एकाकडेही नाही. या १०१ जणांचा आजार बळावण्यामागे हाक फार मोठी झाली हे कारण नव्हते. पहिली हाक कोणाला ऐकूच गेली नव्हती.

आता डेक्सामेथासोन काय करते ते पाहा. ते पेशीत शिरून एका ग्राहक-प्रथिनाला चिकटते, ही जोडी पेशीकेंद्रात जाते आणि एनएफ-कप्पा-बीचा आवाज दाबते. परंतु दाबताना ते निवड करीत बसत नाही, विषाणूविरुद्धच्या संरक्षणालाही त्याची झळ लागते. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, विषाणूचा भर ओसरला असताना आणि दाहानेच फुप्फुस भरले असताना, हा सौदा परवडतो. पहिल्या दिवशी, विषाणू दुपटीने वाढत असताना, तो चोर घरात असताना कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखा आहे. दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये पत्रकार परिषदेत हेच बजावले होते. त्यानंतर काय झाले, ते महाराष्ट्राला सांगायला नको. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांच्या संगतीने काळी बुरशी आली, अॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक या शहरातून त्या शहरात फिरले, आणि जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. कित्येकांचे डोळे काढावे लागले. काही वर्षांतच आपण हे विसरलो असू, तर त्या विसराळूपणाचे मला नवल वाटते.

आणि संदेशात ‘कोविड असो वा फ्लू’ असे बिनदिक्कत लिहिले आहे. रिकव्हरीचा तो निष्कर्ष कोविडपुरता होता. फ्लूच्या रुग्णांमधील उपलब्ध निरीक्षणांत स्टेरॉइड घेतलेल्यांचा मृत्युदर उलट जास्त दिसतो. मुळात अधिक आजारी माणसालाच ते दिले जात असल्याने त्यातून पक्का निष्कर्ष काढता येत नाही, पण संदेशाला आधार देईल असे तेथे काही नाही.

‘विषाणू निरुपद्रवी’ या विधानातले अर्धसत्य मान्य करायला हवे, जरी ते मान्य करताना जीभ जड होते. गंभीर कोविडमध्ये उशिरा होणारी बरीच हानी खरोखरच शरीराच्या प्रतिसादातून होते. ब्रिटनमधील अतिदक्षता विभागांतील २,२४४ रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात टीवायके-२ या दाहाशी निगडित जनुकाकडे बोट दाखवले गेले, आणि त्या मार्गावर काम करणारे बॅरिसिटिनिब हे औषध पुढे मोठ्या चाचणीत उपयोगी ठरले. मात्र त्याच अभ्यासात आयएफएनएआर-२ हे इंटरफेरॉन ग्रहण करणारे जनुकही होते, आणि त्याचा कौल असा की ही हाक नीट ऐकू येणे रुग्णाच्या हिताचे असते. ‘वादळ’ हा शब्दही जपून वापरावा : कर्करोगावरील कार-टी उपचारानंतर उठणाऱ्या खऱ्या सायटोकाइन वादळात आयएल-६ या सायटोकाइनची सरासरी पातळी गंभीर कोविडच्या तुलनेत जवळजवळ शंभरपट असते. आग लावणाऱ्याला निरपराध ठरवून सारा दोष बंबाच्या पाण्यावर ढकलणे हा संदेशाचा खाक्या आहे.

हळदीबद्दल फार लिहीत नाही. काचेच्या ताटलीतल्या पेशींवर हळदीतले कर्क्युमिन ओतले तर एनएफ-कप्पा-बी दबते, हे खरे. पण पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प पोहोचते. मामींचा काढा घशाला बरा वाटतो, तो त्यांनी जरूर करावा. जनुके बंद करण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

तपासणीचा मुद्दा मात्र माझ्या टेबलावरचा आहे. जनुकांचा आवाज मोजायचा तर रक्त काढताक्षणीच ते आरएनए स्थिर ठेवणारे रसायन आधीच भरलेल्या नळीत घ्यावे लागते, कारण साध्या नळीत ठेवलेल्या पेशी जिवंत असतात आणि सुई टोचल्यापासून काही तासांतच त्यांची जनुके सूर बदलतात; आपण मग रुग्णाचा दाह मोजतो की नळीतला, हे सांगता येत नाही. दुसरी मेख याहून खोल आहे. गंभीर आजारात रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे एखादे जनुक ‘भडकलेले’ दिसते तेव्हा कधी कधी जनुक तेवढेच बोलत असते, फक्त बोलणाऱ्या पेशींची गर्दी वाढलेली असते. म्हणूनच आम्ही शेकडो रुग्णांची तुलना करतो, आणि तरीही एकट्या माणसाला ‘तुमची जनुके शांत आहेत’ असे लिहून द्यायला धजत नाही. ज्या तपासण्या डॉक्टर खरोखर वापरतात, जसे की रक्तातून दाह दाखवणारी सीआरपी आणि बोटावरचा ऑक्सिमीटर, त्या स्वस्त आहेत; संदेशात त्यांचा उल्लेखही नाही.

राहिली भारतीयांची ‘सौम्य’ जनुके. तिसऱ्या गुणसूत्रावरचा जो पट्टा गंभीर कोविडचा धोका वाढवतो, तो निअँडरथल मानवाकडून आलेला आहे असे झेबर्ग आणि पाबो या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांकडे आहे. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे.

मामांच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत आणि साखर आता उतरते आहे. तक्त्यातली तिसरी ओळ मी लाल पेनाने अधोरेखित करून ग्रुपवर टाकली. तिच्याखाली पहिला प्रतिसाद आला तो मामांचाच : “मग हे त्या मेसेजमध्ये का नव्हतं?”