कोड बरोबर होता, आकडा आम्ही चुकवला

ताई, नमस्कार. आमच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाला एक स्टार दिलात, तो मान्य आहे. आम्ही भरलेल्या बँकेच्या फॉर्मवर तुमच्या मुलाच्या हॉस्टेलचे २८ हजार सकाळी खात्यातून गेले आणि दुपारनंतर परत आले, मधले काही तास तुमच्या जिवाला घोर लागला. "चिठ्ठीवरचा कोड बदलून भलताच टाकला, म्हणून पैसे अडकले," असं तुम्ही लिहिलंय. कोड बदलला हे खरं. पैसे मात्र त्यामुळे अडकले नाहीत.

तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवरचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, 'एसवायएनबी'ने सुरू होत होता. ती सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. म्हणून आमच्या दुकानातल्या मुलाने यादीत शोधून 'सीएनआरबी'चा नवा कोड लिहिला. अकरा जागांपैकी पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य ('ओ' नव्हे, इथे भलेभले फसतात), उरलेल्या सहा जागा शाखेच्या. काल मी स्वतः पुन्हा ताडून पाहिलं, शाखा तीच आहे.

घोटाळा झाला खाते क्रमांकात. चिठ्ठीवर आकडे मराठीत होते आणि घाईत काढलेला ९ आमच्या मुलाला १ वाटला. फॉर्मवर क्रमांक दोनदा लिहायचा असतो तो याचसाठी. पण आमच्या या साहेबांनी दुसऱ्यांदा चिठ्ठीकडे न बघता वरचाच आकडा खाली उतरवला! तसं खातंच नव्हतं, म्हणून पैसे परतले. थोडक्यात निभावलं म्हणायचं. एनईएफटीत, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या या पद्धतीत, पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून, नाव जुळवून नाही. तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला असता, तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ आले असते.

फॉर्मचे ३० रुपये काउंटरवर काढून ठेवलेत. नवा फॉर्म मी स्वतः भरून देतो, फक्त हॉस्टेलवाल्यांकडून पासबुकच्या पहिल्या पानाचा किंवा चेकचा फोटो मागवा. चेकच्या तळाशी नऊ आकडी एमआयसीआर असतो, तो वेगळा, चेक वटवण्यासाठीचा. आणि बँकेत फॉर्म देताना खातेदाराचं नाव दाखवायला सांगा. रिझर्व्ह बँकेने तशी सोय शाखेतही द्यायला सांगितली आहे.

तुमची चिठ्ठी गल्ल्यात जपून ठेवली आहे, तीही घेऊन जा.