खुलासा: समुद्र मागे हटला नाही तरी त्सुनामी येते

आपल्या अमळनेर-शिरपूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'समुद्राचं पाणी मागे हटलं तरच त्सुनामी येते, आणि पहिली लाट ओसरली की धोका टळला.' परवा मीही तो पुढे पाठवला. तो चुकीचा आहे, माफ करा. आपली कितीतरी माणसं सुरतेला कामाला आहेत, सुट्टीत डुमसच्या किनाऱ्यावर जातात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत थायलंडकडे आधी पाणी मागे गेलं. श्रीलंकेकडे मात्र ते आधी चढलं. म्हणजे पाणी हटण्याची वाट बघत बसलेला माणूस तिथे अडकलाच असता. पहिली लाट सगळ्यात मोठी असते असंही नाही. लाटा कित्येक तास येत राहतात, आणि चप्पल, गाडी, सामान आणायला परतलेली माणसं पुढच्या लाटेत सापडतात.

'अरबी समुद्रात होत नाही' हेही खोटं. 1945 मध्ये पाकिस्तान-इराणकडच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर इशाऱ्याची वाट न बघता चालतच उंचावर किंवा आत निघा. वेळ नसेल तर पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जा. प्रशासन सांगेपर्यंत खाली उतरू नका. देशातले अधिकृत इशारे हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून निघतात.

तापीतून लाट भुसावळपर्यंत येईल, ही भीती सोडा. मध्ये उकाई धरण आहे, आणि भुसावळ समुद्रापेक्षा सुमारे 200 मीटर उंच आहे.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. सुरतेच्या भाऊ-वहिनींना पाठवला असेल, तर आजच फोन करून सांगा.